खुणेचं माहेर

शाळेच्या प्रत्येक वर्गात मुलींनी हात मागे बांधून बसायचं, असा नियम होता. शिवणवर्गाला तेवढा तो लागू नव्हता, कारण हात मागे बांधून कुणाला काजं करता येत नाहीत. बहिऱ्या मुलींच्या त्या निवासी शाळेतली सगळी भाषा एवढ्याशा पळवाटेतून आत आली. आणि ती पळवाट छत्तीस वर्षं जिनं उघडी ठेवली ती बाई स्वतः एवढी बोलकी, की तिच्या तोंडाला टाका कसा घालावा हे तिच्या नवऱ्याला उभ्या जन्मात कळलं नाही.

सगळे तिला शिवणबाई म्हणत. चोविसाव्या वर्षी ती गणवेश शिवायला म्हणून शाळेत आली, तीन महिन्यांच्या बोलीवर. कापड बेतावं, शिवावं, घरी जावं, एवढंच काम. पण तेव्हाच्या मोठ्या बाईंना वाटलं, मुलींनाही दोन टाके आले तर उद्या पोटापाण्याला होतील. त्यांनी बावीस मुली तिच्या खोलीत आणून बसवल्या. पहिल्या दिवशी शिवणबाई सवयीप्रमाणे तासभर बोलली. धावदोरा कसा, तुरपाई कशी, दोऱ्याला गाठ कुठे मारायची, सगळं अगदी पोटतिडकीनं. तास संपल्यावर तिच्या ध्यानात आलं की यातलं अवाक्षर कुणाच्या कानावर पडलेलं नाही. घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, आज पहिल्यांदाच माझं कुणी ऐकलं नाही, पण माझ्याकडे इतकं टक लावून आजवर कुणी बघितलंही नव्हतं. नवरा पाणीपुरवठ्यात मीटर वाचायच्या कामावर होता, शांत माणूस. तो म्हणाला, मग टिकेल ही नोकरी.

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. हात हलायला लागले की जीभ आळसते, अशी त्यांची मनापासून श्रद्धा होती. मुलीचा तळहात आपल्या गळ्यावर ठेवून, ओठांसमोर कागदाची पट्टी धरून त्या एकेक अक्षर घासून घेत. वर्षाकाठी एका मुलीकडून सात शब्द निघाले की त्या दिवशी त्यांना झोप चांगली लागायची. तीच मुलगी शिवणखोलीत आली की तिचे हात कापडाखालून भराभर चालत, आणि शेजारणीला हसू आवरत नसे. शिवणबाईनं तिसऱ्याच दिवशी ते पकडलं. आता चांगलं खडसावायचं असं तिनं ठरवलंही. मग तिला वाटलं, आधी विनोद काय झाला तो तरी कळू दे.

तो कळायला चार महिने लागले. तोवर तीन महिन्यांची बोली कधी संपली हे ना तिच्या लक्षात राहिलं, ना शाळेच्या. विनोद तिच्यावरच होता. सुई ओवताना बाईंची जीभ बाहेर येते, आणि जीभ आत गेली की दोरा बाहेर येतो. तो कळला तेव्हा ती इतकी हसली की मोठ्या बाई काय झालं ते बघायला आल्या. बावीस मुलींना त्यांच्या पावलांचा दणका फरशीतून आधीच कळला होता. दार उघडलं तेव्हा बावीस सुया कापडात होत्या, आणि एकटी शिवणबाई वेड्यासारखी हसत होती.

ह्या खुणा आल्या कुठून, याचा छडा लावायचा नाद तिला तिथे लागला तो लागलाच. शिकवलं तर कुणी नव्हतं. पण दगडखाणीच्या वस्तीतून दोन बहिणी आल्या होत्या. त्या वस्तीत घरटी एक तरी बहिरं माणूस, त्यामुळे ऐकणारेही सरसकट हातांनी बोलायचे. त्या दोघी आपली आख्खी भाषा पेटीत घालून घेऊन आल्या. बंदराच्या शहरातून एक मुलगी आली होती. तिथली शाळा जुनी, तिच्या खुणा दोन्ही हातांच्या, चापूनचोपून बसवलेल्या. उरलेल्या मुली घरच्या पाचपन्नास खुणांवर दिवस काढत होत्या, आणि त्या खुणा आईखेरीज कुणाला कळत नसत. शिवणबाई सांगायची, चार जावा चार घरून आल्या की स्वयंपाकघराचं जे होतं तेच इथे झालं. पहिली दोन वर्षं जी ती आपल्या माहेरचं पुढे करते. मग हळूहळू अशी एक चव तयार होते की ती कुणाच्याच माहेरची नसते, आणि सगळ्या छातीठोकपणे म्हणतात, आमच्याकडे असंच करतात.

एकदा हा हिशेब डोक्यात बसल्यावर तिला प्रत्येक खुणेची नाती दिसायला लागली. ही खूण आपली सख्खी, ही चुलत, ही मावस, ही नुसती शेजारची, वाटीभर साखर मागायला आलेली आणि इथेच राहिलेली. बंदराच्या शाळेतले एक मास्तर पुढे बहिऱ्या मुलग्यांच्या शाळेत गेले होते, म्हणून मुलांच्या शाळेतल्या खुणा बंदराकडच्याच लेकी. सुट्टीत तिथले भाऊ आणि इथल्या बहिणी एका घरात यायच्या, म्हणून तिथल्या काही खुणा इथे नांदायला आल्या. नकाशावर बोटभर अंतरावरची दोन गावं खुणांत एकमेकांची कुणी नसत, आणि दोन दिवसांच्या प्रवासावरची दोन गावं सख्खी निघत, का, तर एक मास्तर तिकडून इकडे बदलून आला होता. बोलणाऱ्या लोकांची भाषा कुठली आहे याच्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. नवी मुलगी दाराशी आली की शिवणबाई तिला पाणी मागायला लावी, आई म्हणायला लावी, आणि सांगे, ही खाणीकडची, ही बंदराची, हिची आजी बहिरी असणार. नवरा म्हणायचा, जगाच्या खुणांची कुळं तुला तोंडपाठ, आणि माझ्या मावशीचं नाव विचारलं तर विचारात पडतेस. ती म्हणायची, तुमच्या मावशीत बघण्यासारखं काय आहे?

एकदा विद्यापीठातले एक संशोधक कॅमेरा घेऊन आले. आठ दिवस त्यांनी मुलींचे हात टिपले आणि शेवटी एक मोठा वंशवृक्ष काढून आणला. कुठली खूणभाषा कुणापासून निघाली, कुठल्या फांदीला कुठली फांदी फुटली, सगळं नीट. शिवणबाईनं चष्मा लावून तो नुसता पाहिला आणि एका फांदीवर बोट ठेवलं. म्हणाली, ही तुम्ही पोटची मुलगी म्हणून दाखवलीय. ही सून आहे हो. पदार्थ इथले करते, पण पीठ मळायची पद्धत तिच्या आईची आहे. संशोधकांनी ती फांदी खोडली. जाताना ते तिच्या पाया पडले नाहीत एवढंच.

काही खुणा तर तिच्या डोळ्यांदेखत जन्मल्या. एका मुलीनं एकदा नुसता कच्चा धावदोरा घालून पक्की शिलाई झाली म्हणून कापड पुढे केलं. शिवणबाईनं ते आपल्या तळहातावर पसरलं, दोन बोटांच्या चिमटीत दोरा धरला आणि सर्रकन ओढून काढला. सगळ्या खोलीनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून तळहातावरून चिमटीनं दोरा ओढणं म्हणजे खोटं, लबाडी, थाप. ती खूण जगात दुसरीकडे कुठे नव्हती. असण्याचं कारणच नव्हतं.

नवी मुलगी रुळली की तिला हातांनी घ्यायचं एक नाव मिळत असे, आणि तेही बहुतेक वेळा शिवणबाईच ठेवी. गालावरची खळी, कपाळावरची बट, सारखी नाक पुसणारी, असली नावं. एका मुलीची डावी भुवई कुठल्याही गोष्टीवर वर जायची, म्हणून ती भुवई. मुलींनी बाईंनाही नाव दिलं होतं. शिवताना ती मधल्या बोटात लोखंडी टोपी घालायची, म्हणून अंगठा मधल्या बोटाच्या टोकावर टेकवायचा, की झाली टोपीबाई. पण माणसाच्या तोंडावर त्याचं नाव घ्यायचं नसतं, नाव असतं ते त्याच्या पाठीमागे बोलायला. त्यामुळे आपलं नाव तिच्या स्वतःच्या क्वचितच दृष्टीस पडे.

मोठ्या बाई गेल्या, दुसऱ्या आल्या. पुढे हात बांधायचा नियम सुटला. शाळा गावाबाहेरच्या नव्या इमारतीत गेली. शिकलेले शिक्षक आले, त्यांच्याबरोबर पुस्तकातल्या प्रमाण खुणा आल्या, आणि शिवणखोलीतल्या खुणा थोड्या मागे सरल्या. शिवणबाईनं ते मनाला लावून घेतलं नाही. साठाव्या वर्षी ती निवृत्त झाली, तरी आठवड्यातून दोन दिवस शाळेत जातच राहिली. सुई नीट दिसेनाशी झाली होती, पण हात दिसत होते.

ती त्रेसष्ट वर्षांची असताना निराधार स्त्रियांच्या वसतिगृहातून तिला फोन आला. तिथल्या अधीक्षिका तिला नावानं ओळखत होत्या. पोलिसांनी एक बाई आणून सोडली होती, तिशीतली, बहिरी. लिहिता येत नव्हतं, पत्ता सांगता येत नव्हता. बाजाराजवळ कुठेतरी तीन दिवस एका फाटकावर हात आपटत उभी होती म्हणे. अधीक्षिकांकडे तीस खाटा आणि सत्तेचाळीस बायका होत्या. एकवीस दिवसांत नातेवाईक मिळाले नाहीत तर मंडळापुढे न्यायची, आणि मंडळ तिला मनोरुग्णालयात पाठवणार, असा नियम होता. अशा बाया तिथे गेल्या की परत येत नाहीत, हे अधीक्षिकांनी सांगितलं नाही, पण शिवणबाईला ते माहीत होतं. शाळेच्या दोघी जुन्या मुली तिथे होत्या. एक तिथेच वारली.

वसतिगृहातल्या बायकांनी नव्या बाईचं नाव ठोकबाई ठेवलं होतं, कारण ती काहीही सांगायला निघाली की आधी टेबल, स्टूल, खिडकीची कड, काहीतरी कठीण शोधायची आणि त्यावर डाव्या हातानं ठोकायची. शिवणबाई तिच्यासमोर बसली. परक्या भाषेच्या माणसाशी बोलताना आपण बोबडं बोलतो, हळू, मोठ्यानं, हातवारे करत, तसंच बहिऱ्या माणसाशीही पहिल्या भेटीत करतात. तिनं चित्रं काढून नेली होती. घर, नदी, बस, आई, बैल. एकेक चित्र पुढे करायचं आणि याची खूण काय, असं विचारायचं. ठोकबाईनं निमूटपणे चाळीस चित्रांची उत्तरं दिली, तीही पाहुण्याला कळतील अशी, मोठाली. घर म्हणताना ती डावा तळहात नुसता हवेत तिरका धरायची, म्हणजे छपराची एकच बाजू. उजवा हात मांडीवर मुठीसारखा पडलेला. मध्येच तिनं दोनदा काहीतरी विचारायचा प्रयत्न केला, पण शिवणबाईनं पुढचं चित्र समोर धरलं.

बाहेर आल्यावर ती अधीक्षिकांना म्हणाली, ही आमच्यातली नाही. सख्खी नाही, चुलत नाही, शेजारचीही नाही. आमच्याकडच्या बाईला बोलायला टेबल लागत नाही. छत्तीस वर्षांत आपलं अनुमान कधी चुकलं नाही, हेही तिनं सांगून टाकलं. मग तिनं मोबाइलवर ठोकबाईचं चित्रण घेतलं आणि बंदराच्या शाळेला धाडलं, मुलांच्या शाळेला धाडलं, खाणीच्या वस्तीत धाडलं. बंदराकडून उत्तर आलं, आमची नव्हे. मुलांच्या शाळेनं तेच कळवलं. खाणीकडच्या त्या दोन बहिणींपैकी थोरली आता आजी झाली होती. तिनं उलट विचारलं, हिचा एक हात मोडलाय का? शिवणबाईला तो थट्टेचा प्रश्न वाटला आणि तिनं तो सोडून दिला. यात पंधरा दिवस गेले.

सोळाव्या दिवशी ती पुन्हा गेली. आता विचारण्यासारखं काही राहिलं नव्हतं. ठोकबाईच्या अंगावरचा झगा काखेत उसवला होता, म्हणून एक नवा शिवून नेला होता, तेवढंच निमित्त. मागच्या अंगणात धुण्याच्या दगडापाशी भांडण जुंपलेलं होतं. एक दांडगी बाई ओरडत होती की माझी साबणाची वडी हिनं ढापली. बाकीच्या बायका कडेनं उभ्या राहून मजा बघत होत्या. ठोकबाईनं आधी मान हलवली. मग ती लालबुंद झाली, ओल्या दगडाकडे वळली, दगडावर डाव्या हाताची दोन बोटं टेकवली, चिमूट धरली, आणि सर्रकन ओढली.

शिवणबाईच्या हातातला झगा खाली पडला.

रागावलेलं माणूस पाहुण्यांच्या भाषेत भांडत नाही. ते आपल्या माहेरच्या भाषेत भांडतं. दगड नव्हताच तो, तळहात होता. उजवा तळहात मोकळा नाही, म्हणून दगडाचा तळहात केलेला. छपराची एकच बाजू दिसत होती, कारण दुसरी बाजू धरायला हात नव्हता. ह्या बाईनं ज्या कुणाकडून भाषा घेतली त्या बाईचा उजवा हात सदोदित अडकलेला होता, आणि हिला वाटलं, भाषा अशीच असते, एका हाताची. खाणीकडच्या थोरलीनं एका नजरेत ओळखलं होतं. आपण मात्र आपल्या पोटच्या खुणेला घरात घेतलं नाही, आणि वर तोरा मिरवला.

तिनं ठोकबाईला हाताला धरून व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. ह्या खेपेला तिनं चित्र काढलं नाही. आपला उजवा हात तिनं पाठीमागे घेतला आणि डाव्या हातानं, बाकाच्या फळीवर ठोकत, वीस वर्षांपूर्वीच्या शिवणखोलीतल्या खुणांनी सावकाश विचारलं, तुला हे बोलायला कुणी शिकवलं?

ठोकबाई तिच्या हाताकडे बघतच राहिली. मग तिनं आपली डावी भुवई वर उचलली आणि तिला बोटानं स्पर्श केला. आणि इतके दिवस मांडीवर मुठीसारखा पडलेला उजवा हात पहिल्यांदाच हलला. तो हवेत गोल गोल फिरायला लागला.

हातमशीन. शाळेत सगळी मशिनं पायाची होती, दोन्ही हात मोकळे राहायचे. भुवई लग्न होऊन गेली ती नदीपलीकडे, एका शिंप्याच्या घरी. तिथे हाताचं मशीन. उजवा हात दांडीवर, डावा कापडावर, आणि बोलायचं झालं तर कापडावरचा हात तेवढा उचलायचा. भुवईला एकदा बसली की मशीन थांबवणं जिवावर यायचं, हे शिवणबाईला तिच्या लहानपणापासून ठाऊक होतं.

पुढच्या दोन तासांत ठोकबाई जे बोलली ते एका वर्षाचं साठलेलं होतं. ती सात-आठ वर्षांची असताना गावात ही नवी नवरी आली. गावात बहिऱ्या अशा दोघीच. त्या दिवसापासून ती मशीनच्या डाव्या अंगाला बसली ती बावीस वर्षं तिथेच बसत आली. भुवई तिला शाळेच्या गोष्टी सांगायची. मोठा पूल, नदीकाठचा रस्ता, लाल फाटक, आत गेलं की सगळ्या हातांनी बोलतात, एका वेळी वीसवीस जणी. मागच्या वर्षी भुवई तापानं गेली. मशीन तिच्या शिंप्यानं झाकून ठेवलं. घरी भाऊ आहे, वहिनी आहे, पोटभर खायला आहे, कुणी कधी हात उगारला नाही. पण वर्षभर तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. मग एका सकाळी ती बसमध्ये बसली, पुलापाशी उतरली, आणि लाल फाटक तिनं बरोबर शोधून काढलं.

शिवणबाईला एकदम उभं राहावंसं वाटलं. बाजाराजवळचं लाल फाटक म्हणजे शाळेची जुनी इमारत. बारा वर्षांपूर्वी ती विकली गेली आणि आता तिथे बटाट्यांचं शीतगृह आहे. ठोकबाई हरवली नव्हती. ती पोचली होती, आणि आत बटाटे होते.

मग ठोकबाईनं विचारलं. पंधरा दिवसांपूर्वी दोनदा विचारायला निघाली होती तेच. डाव्या हाताचा अंगठा तिनं मधल्या बोटाच्या टोकावर टेकवला आणि चेहऱ्यावर प्रश्न आणला. ती कुठे आहे? जिवंत आहे?

आपण हिला चाळीस प्रश्न विचारले आणि हिला एक विचारू दिला नाही, हे शिवणबाईच्या मनात सुईसारखं रुतलं. तिनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. ठोकबाईचा विश्वास बसला नाही. तिनं शिवणबाईचा उजवा हात पाठीमागून ओढून पुढे घेतला आणि मधल्या बोटाचं टोक तपासलं. छत्तीस वर्षांच्या टोपीनं तिथे पडलेली खोबण अजून गेली नव्हती.

गावाचं नाव शोधायला मग एक दिवस पुरला. जुन्या मुलींच्या मोबाइलवरच्या गटात शिवणबाईनं भुवईचं सासर विचारलं, आणि दुपारपर्यंत चार जणींनी एकेक अक्षर बोटांनी दाखवणारी चित्रणं धाडून ते कळवलं. विसाव्या दिवशी ठोकबाईचा भाऊ आला. तो पिठाच्या गिरणीवर होता, कानांच्या पाळ्यांवर पीठ तसंच राहिलेलं. जवळजवळ तीन आठवडे त्यानं नदीचे दोन्ही काठ धुंडाळले होते. बहीण दिसल्याबरोबर त्यानं तिच्या डोक्यावर एक टपली मारली आणि मग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

अधीक्षिकांनी कागद पुढे केला. कागदावर दोनच रकाने होते, नातेवाइकांच्या ताब्यात किंवा रुग्णालयात. भावानं सही करायला पेन उचललं. शिवणबाईनं त्याला थांबवलं आणि म्हणाली, आधी तिला विचारू या.

भाऊ चपापला. "बाई, आमच्या घरात तिला काही कमी नाही. हवं तर गावात विचारा."

"कमी नाही हो. पण घरात तिच्याशी बोलतं कोण?"

"तिला कुठे बोलता येतं?" तो म्हणून गेला, आणि मग त्याला बहिणीचे हात दिसले. ती अधीक्षिकांच्या टेबलाच्या कडेवर ठोकत शिवणबाईला काहीतरी सांगत होती, आणि शिवणबाई हसत होती. "काय म्हणतेय?" त्यानं विचारलं.

"म्हणतेय, माझा भाऊ चांगला आहे, पण घोरतो हे त्याला कुणी सांगत नाही."

"तिला कसं कळलं मी घोरतो ते?"

"तुमच्या खाटेला तिची खाट लागून असते. थरथरते म्हणे."

अधीक्षिकांना हसू फुटलं, आणि त्यांनी पंख्याकडे बघितल्यासारखं केलं. मग शिवणबाईनं आपलं म्हणणं मांडलं. हे ती नवऱ्याशी आदल्याच दिवशी बोलून आली होती. माझ्या घरी एक खोली रिकामी आहे. सकाळी शाळेत जाईल, माझे दोन दिवस माझ्याबरोबर, शिवणखोलीत हाताखाली राहील, काजं-बटणं तिला भुवईनं झकास शिकवलीत. पगाराचं शाळेशी भांडून बघेन, तोवर जेवण आमच्याकडे. नवऱ्यानं त्यावर एवढंच म्हटलं होतं की घरात आणखी एक बोलणारी बाई आली तर चालेल, पण आवाज करणारी नको. अधीक्षिका म्हणाल्या, ताबा भावाकडेच द्यावा लागेल, पुढे भावानं बहिणीला कुठे पाठवायचं ते त्याच्या मर्जीवर. भावाची मर्जी काय, ते त्याच्या तोंडाकडे बघून कुणालाच सांगता आलं नसतं.

शिवणबाईनं ठोकबाईला दोन्ही वाटा सांगितल्या, काही न लपवता. शाळेत आता भुवईच्या वेळच्या मुली नाहीत. खुणा बऱ्याच बदलल्यात, सुरुवातीला तुझ्या खुणांना हसतील. घरी आपलं माणूस आहे. ठोकबाईनं सगळं पाहून घेतलं. मग ती भावाकडे वळली, आणि तिनं शिवणबाईकडे न बघता थेट त्याला सांगितलं. त्याला अर्थातच काही कळलं नाही. शिवणबाईनं सांगितलं, ती राहते म्हणतेय. शाळेतल्या मुली जशा राहतात तशी.

भाऊ खुर्चीवर बसला. दोन्ही तळवे गुडघ्यांवर चोळत राहिला. अधीक्षिकांचा शिक्का शाईत बुडवलेला तसाच हातात होता. मग तो शिवणबाईला म्हणाला, "त्या मुली सुट्टीला घरी जातात ना?"

"जातात की."

"मग तिला सांगा, सुट्टीला ये म्हणावं. मी बस थांब्यावर येईन."

शिवणबाईनं हात पदरात गुंडाळल्यासारखे छातीशी घेतले. "हे मी नाही सांगायची. तुमची बहीण आहे, तुम्ही सांगा. तिला विचारा कसं म्हणायचं ते. शिकवेल ती."

तो ओशाळला. एवढ्या बायकांसमोर हातवारे करायचे म्हणजे काय! पण उठला, बहिणीसमोर जाऊन उभा राहिला, आणि घरी ये म्हणून दोन्ही हात हवेतून आपल्याकडे असे ओढले की अधीक्षिकांची फाइल खाली पडली. ठोकबाईनं त्याचे हात धरले. उजवा खाली ठेवायला लावला. डाव्याची बोटं एकेक करून नीट केली, तो टेबलाच्या कडेवर टेकवला, आणि आपल्याकडे ओढून दाखवला, ये. त्यानं केलं. चुकलं. तिनं पुन्हा दाखवलं. त्यानं पुन्हा केलं, ह्या वेळी जवळजवळ बरोबर. तिसऱ्या खेपेला बरोबर आलं. शिवणबाईनं मान डोलावली आणि अधीक्षिकांनी शिक्का उचलला.

पण ठोकबाईनं मान हलवली, आणि त्याला परत एकदा करायला लावलं.

"आता काय चुकलं?" भावानं रडकुंडीला येऊन विचारलं.

काही चुकलं नव्हतं. तिला फक्त ते पुन्हा बघायचं होतं.